पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह आणि महामार्गावरील वेग : एक विवेचन

प्रस्तावना :

जिंतूर तालुक्यातील बोरी व परिसरात काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन मोठ्या प्रमाणात आढळते. पावसाळ्यात या मातीचा चिकट चिखल होतो आणि पांदण रस्त्यांवर वाहने रुततात. अशा वेळी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या जीपचे वा ट्रॅक्टरचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मात्र शेतात उपयोगी पडणारी ही यंत्रणा डांबरी महामार्गावरही वाहन अधिक सुरक्षित ठेवते, असा समज अनेकदा ऐकावयास मिळतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. सकाळी पांदणीत असलेले वाहन दुपारी जालन्याजवळून या मार्गावर वेगाने धावू शकते. त्यामुळे उपरोक्त समज तपासणे आवश्यक ठरते.

यंत्रणेचे स्वरूप :

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू झाली. त्या जीपपासून २०२० मध्ये आलेल्या नव्या थारपर्यंत मूळ तत्त्व एकच आहे. '२ एच' स्थितीत केवळ मागील चाकांना शक्ती मिळते. '४ एच' निवडल्यास ट्रान्सफर केस पुढील व मागील शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते. '४ एल' स्थितीत वेग घटून ओढण्याची ताकद वाढते. ती केवळ अतिमंद गतीसाठी असते. कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या वाहनांत दोन्ही शाफ्टमध्ये डिफरन्शियल असल्याने त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरता येते. पार्ट-टाइम यंत्रणेत ही मुभा नसते. संपूर्ण प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

गणिती उकल :

वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. दोन आसांमधील अंतर २.४५ मीटर आणि मागील आसाच्या मध्याची वळणत्रिज्या १० मीटर असल्यास पुढील आसाची त्रिज्या सुमारे १०.३ मीटर येते. म्हणजे फरक सुमारे ३ टक्के. ३०० मीटर त्रिज्येच्या महामार्गीय वळणावर मात्र हा फरक नगण्य असतो. यावरून महामार्गावर '४ एच' निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. टायरची झीज, हवेचा दाब व भार यांमुळे पुढील-मागील टायरच्या प्रत्यक्ष परिघात तफावत पडते. परिघ सुमारे २.५ मीटर धरल्यास चाक एका किलोमीटरमध्ये ४०० फेरे घेते. तफावत केवळ १ टक्का असली तरी दर किलोमीटरला ४ फेऱ्यांचा फरक साचतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने तो मिनिटाला सहा-सात फेऱ्यांचा होतो.

चिखलात टायर किंचित घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर पकड घट्ट असल्याने शाफ्ट व गिअर यांवर पीळ बसतो, आणि टायर जबरदस्तीने घसरल्यावरच तो सुटतो. स्टिअरिंग जड होणे, लहान वळणावर झटके बसणे व लिव्हर '२ एच'मध्ये सहज न येणे ही त्याची लक्षणे होत. टायर, इंधन व सुटे भाग यांचा खर्च वाढतो तो निराळाच.

दोन गैरसमज :

पहिला गैरसमज वाहनासोबतच्या पुस्तिकेतून उद्भवतो. ठरावीक वेगापर्यंत चालत्या गाडीत '४ एच' निवडता येते, असे अनेक पुस्तिकांत नमूद असते. ही मर्यादा लिव्हर बदलण्यापुरती असते. कोरड्या रस्त्यावर त्या स्थितीत प्रवास करण्याची ती अनुमती नव्हे. अडचण मुळात वेगापेक्षा पृष्ठभागाची आहे.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. फोर-व्हील ड्राइव्हमुळे वाहनाला पुढे रेटण्याची क्षमता वाढते. थांबण्याची वाढत नाही. ब्रेक सर्वच जीप व मोटारींत चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर गाडी न घसरता वेग घेते म्हणून चालक निर्धास्त होतो. परंतु ब्रेक लावल्यावर टायरची पकड तेवढीच असते. वेग ताशी ८० वरून १०० किलोमीटर झाल्यास गतिज ऊर्जा सव्वापट नव्हे, तर दीडपटीहून अधिक होते. शिवाय पुढील-मागील शाफ्ट जखडलेले असताना वाहन वळण्यास नाखूश राहते, हेही ध्यानी घ्यावे.

व्यावहारिक सूचना :

शेतातून डांबरी रस्त्यावर येताच '२ एच' निवडावे. लिव्हर अडल्यास सुरक्षित जागी थांबून गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, पीळ सुटतो. चाकांच्या रिममधील चिखल काढावा, अन्यथा वेगात गाडी थरथरते. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत. महामार्गावर चिखलाने माखलेला वळणरस्ता लागल्यास वेग कमी करून तेवढ्यापुरते '४ एच' वापरणे योग्यच होय. केवळ पाऊस पडतो आहे म्हणून ते वापरू नये. वेग कमी करावा व अंतर वाढवावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह न वापरण्याचा नियम फोर-व्हील ट्रॅक्टरलाही लागू पडतो.

निष्कर्ष :

पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह हे रुतलेल्या वाहनाला बाहेर काढणारे साधन आहे, वेगातील वाहनाला सावरणारे नव्हे. हा फरक यंत्रशास्त्राच्या वर्गापुरता न राहता ट्रॅक्टर व जीप चालविणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. पदार्थविज्ञानातील घर्षण शिकविताना याहून जवळचे उदाहरण या परिसरात क्वचितच सापडेल.