उसाची स्लिप आहे, माणसाची चिठ्ठी कुठे?



गळीत हंगाम तोंडावर आला म्हणजे जो तो एकच विचारतो, आमची तोड कधी? त्याबद्दल आम्ही या पानावर दरवर्षी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. उसाच्या खेपेबरोबर जी स्लिप कारखान्यावर येते, ती एकदा नीट वाचून पाहा. सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, वाहनाचा नंबर, टोळीचा नंबर. मोळी कोणाच्या बांधावरची हे काट्यावरचा माणूस अर्ध्या मिनिटात सांगतो. पण ती ट्रॉली वाटेत उलटली आणि वर बसलेला गडी बेशुद्ध पडला, तर तो कोण, कोणत्या गावचा, निरोप कोणाला द्यायचा, हे त्या स्लिपवरून कळत नाही.

ही भीती पोकळ नाही. आपल्या जिल्ह्यातच १४-१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि १५ मजूर जागीच गेले. ते रावेर तालुक्यातले, धुळ्याकडून माल घेऊन घरी निघाले होते. पुढे २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधले प्रवासी आग लागल्याच्या समजुतीने रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान १२ जण दगावले. त्यांत नेपाळची माणसे होती. काहींची ओळख जवळच्या आधार कार्डावरून पटली. जनरल डब्याच्या तिकिटावर नाव नसते, हे आपण सारे जाणतो. त्याच वर्षी १४ मार्चच्या पहाटे आपल्या बोदवड स्थानकाजवळ बंद फाटकातून धान्याचा ट्रक रुळावर घुसला व मुंबई-अमरावती एक्स्प्रेस त्यावर आदळली. दैव बलवत्तर, प्राणहानी झाली नाही.

बोदवडकडे पाणी कमी, ऊस त्या मानाने थोडा. शेते विखुरलेली, म्हणून वाहतूक लांबची आणि बरीचशी रात्रीची. त्या भागातील एका सभासदाशी बोलताना ते म्हणाले, “नंबर तं मोबाईलात शंभर हायेत भाऊ, पन फोनले कुलूप लावेल आहे. मंग लोकं कोनाले सांगतीन?” प्रश्न रास्त आहे.

यावर उपाय नवा नाही. इंग्लंडात केंब्रिजच्या रुग्णवाहिकेवर काम करणारे बॉब ब्रॉची यांनी २००५ साली सुचवले की, अडचणीत ज्याला कळवायचे त्याचा नंबर फोनमध्ये ‘आय.सी.ई.’ या तीन अक्षरांखाली ठेवावा. त्याच वर्षी जुलैत लंडनला बॉम्बस्फोट झाले आणि ही सूचना जगभर गेली. तेव्हाच्या फोनला आजच्यासारखे कुलूप नसे. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये मात्र कुलूप न उघडता ‘इमर्जन्सी’ या बटणावरून घरचा नंबर दिसेल अशी सोय असते. ती आधी भरून ठेवावी लागते, आपोआप येत नाही. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून पाच मिनिटांत करून घ्या.

तरी आमचा भरवसा कागदावर अधिक. बॅटरी उतरते, फोन उसात पडतो, काच फुटते. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद, त्यावर बॉलपेनने नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि दोन नंबर, आणि वर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर घामाने अक्षर जाते. खिशात ठेवा, बायामाणसांनी बटव्यात. आधार क्रमांक किंवा बँकेचे खाते त्यावर मुळीच लिहू नका. साखरेचा आजार, फिट, दम्याची गोळी, एखादे औषध सोसत नसेल तर ते अवश्य लिहा. रक्तगट ठाऊक असल्यास लिहावा, नसल्यास अडून बसू नये. दवाखान्यात रक्त चढवण्याआधी तपासणी होतेच.

नंबर कोणाचा द्यायचा यावर मात्र विचार करा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बहुधा दोघे एकाच ट्रॉलीवर. मग तिच्या चिठ्ठीवर त्याचा नंबर आणि त्याच्या चिठ्ठीवर तिचा, याचा उपयोग काय? किनगावच्या ट्रकमध्येही मजूर एकत्रच होते. एक नंबर मुकादमाचा असू द्या, पण दुसरा गावाकडे राहिलेल्या माणसाचा हवा, आणि तोही अनोळखी फोन उचलणाऱ्याचा. त्याला आधी सांगूनही ठेवा. टोळीतली पुष्कळ मंडळी पावरी किंवा बंजारा बोलतात; चिठ्ठीवर बोली लिहिली तर डॉक्टरांना दुभाषा शोधता येतो.

दुसरी अडचण जागेची. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात फुकट येते, पण फोनवर पहिला प्रश्न असतो, नेमके कुठे? “अमक्याच्या मळ्याजवळ” हे गावाला कळते, जिल्ह्याबाहेर बसलेल्या माणसाला नाही. रस्त्यावर किलोमीटरचा दगड, रुळाजवळ खांबावरचा आकडा, शेतात डीपीचा नंबर व गट नंबर सांगावा. आणि फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा, गाडी चुकते ती तिथेच.

जखमीच्या खिशात हात घालायला लोक बिचकतात, पोलिसांचे लचांड नको म्हणून. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. चालकांनी हे ध्यानात ठेवावे.

स्लिपमध्ये मुकादमाच्या मोबाईलचा आणि वाहनावरील माणसांच्या नावांचा रकाना वाढवावा, अशी सूचना आम्ही शेतकी खात्याकडे दिली आहे. नवी स्लिप पुस्तके छापून येईपर्यंत सभासदांनी खेप भरताना स्लिपच्या पाठीमागे हा मजकूर स्वतः लिहावा आणि स्थळप्रत आपल्याजवळ ठेवावी. कोरी कार्डे व प्लास्टिकच्या पिशव्या बोदवड गट कार्यालयात ठेवल्या आहेत. टोळी उतरेल त्या दिवशीच मुकादमाला पाठवून घेऊन जावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी चिटबॉयने लिहून द्यावी व ती त्यांना वाचून दाखवावी.