पाडलेल्या बंगल्यांची बोगनवेल

पनवेलमध्ये जुना बंगला पाडायला घेतला, की सगळ्यात आधी जाते ती फाटकावरची बोगनवेल. काट्यांमुळे मजूर तिला हात लावत नाहीत. जेसीबीच तिला मुळासकट उपटतो. ढिगाऱ्यात पडलेला तो मांडीएवढा जाड खुंट बोन्साय करणाऱ्यासाठी घबाड असतो. नर्सरीतल्या रोपाला कुंडीत असं खोड यायला कित्येक वर्षं लागतील.

खुंट आणला, की करवतीने साधारण दीड फुटावर कापावा, मुळंही आखूड करावीत आणि कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. बोगनवेलीचं लाकूड मऊ. काप उघडा राहिला तर आतून कुजत जातो. लावताना बागेतली चिकट माती टाळावी. चाळलेले विटांचे तुकडे आणि जाड वाळू पुरे, खत नंतर. महिनाभरात फुटवे दिसू लागतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. ते फुटवे खोडात साठलेल्या अन्नावर आलेले असतात, खाली अजून मूळ धरलेलं नसतं. कौतुकाने कुंडी हलवली, की नुकती सुटलेली केसासारखी मुळं तुटतात आणि फुटवे माना टाकतात.

तार गुंडाळायची ती फुटवा हिरवा, लवचीक असतानाच. फांदी एकदा लाकडी झाली, की वाकवताना काडकन मोडते.

आपल्याकडे खरी कसोटी पावसाची. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उथळ ट्रेमध्ये पाणी तुंबलं, की मुळं काळी पडतात. म्हणून जूनच्या आधीच भोकांवरची जाळी साफ करून ट्रे विटांवर चढवावेत आणि एका बाजूने किंचित उचलून ठेवावेत. या दिवसांत झाड नुसतं पानांनी माजतं, फूल जवळजवळ नाहीच. नायट्रोजनचं खत दिलं तर आणखीच माजतं.

पाऊस सरला, दिवस लहान होऊ लागले, की छाटणी करावी आणि पाणी तोडावं. पानं मलूल होईपर्यंत थांबायचं, मग भरपूर पाणी द्यायचं, पुन्हा थांबायचं. मन घट्ट करावं लागतं, पण नव्या फुटव्यांच्या टोकांना रंग येतो तो या ताणानेच. कॉमर्सों या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने १७६७ मध्ये रिओ दि जानेरोजवळ ही वेल गोळा केली. कोरडा काळ सोसून फुलणं हा तिचा मूळ स्वभाव आहे. रंगीत दिसतात ती पानंच, खरं फूल म्हणजे मधली पांढुरकी नळी. ‘मेरी पामर’ जातीत तर एकाच झाडावर पांढरा आणि राणी असे दोन्ही रंग येतात. एका खोडावर चार जातींची कलमं बांधून विकतात, ते मात्र मला पटत नाही. जोरकस जात बाकीच्यांना दाबून टाकते आणि झाडाचा आकार कायमचा बिघडतो.

जुन्या फाटकांवरचा तो गडद राणी रंग पनवेलमधून झपाट्याने कमी होतो आहे. तुमच्या गल्लीत एखादं घर पाडायचं ठरलं असेल, तर मालकाला आजच भेटा आणि वेलीचा खुंट मागून घ्या. जेसीबी लागला, की कधी कधी खोड चिरतं आणि मग त्याचं काहीच करता येत नाही.