हातात न टिकणाऱ्या अणूचं मोजमाप

गळ्यातल्या मण्यांचं सोनं कुठून आलं? सराफाकडून. सराफाकडे खाणीतून. आणि खाणीत?

ते पृथ्वीच्याही आधी आकाशात घडलं. ताऱ्याच्या पोटात हलके अणू जुळून जड होत जातात, पण हे काम लोखंडापाशी अडतं. सोनं, शिसं, युरेनियम यांची वाट वेगळी. अणूच्या मधल्या गाभ्याला अणुकेंद्र म्हणतात. न्यूट्रॉन नावाचा बारीक कण त्यात शिरला की केंद्र जड होतं आणि पुढे त्याचं दुसऱ्याच मूलद्रव्यात रूपांतर होतं. १९५७ साली चार शास्त्रज्ञांनी हा सगळा हिशेब मांडला. त्या निबंधावर पहिलं नाव मार्गारेट बर्बिज या बाईंचं आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

हिशेबाला एक आकडा लागतो: कुठलं केंद्र किती सहज न्यूट्रॉन गिळतं? टिकाऊ केंद्रांचा आकडा प्रयोगशाळेत मिळतो. पण सोनं घडण्याच्या वाटेवरची कित्येक केंद्रं क्षणभरच जगतात. त्यांची वडी करून समोर ठेवता येत नाही. बरं, न्यूट्रॉन तरी साठवावेत, तर मोकळ्या न्यूट्रॉनांतले निम्मे दहा मिनिटांत संपतात. दोन्हीकडून पंचाईत.

यावरची युक्ती आमच्या मुंबईतही वापरली गेली आहे. आम्ही घाटकोपरच्या. इथून ट्रॉम्बे जवळच, तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचं यंत्र आहे. अणूंना प्रचंड वेग देणारं हे यंत्र दोन्ही संस्था मिळून चालवतात.

थोरियमपासून वीज करायची तर वाटेत प्रोटॅक्टिनियम-२३३ तयार होतं. सत्तावीस दिवसांत ते निम्मं उरतं, बाकीच्याचं युरेनियम होतं. तेवढ्यात त्याला वेगवान न्यूट्रॉन लागला, तर ते किती वेळा फुटेल? हे थेट मोजणं फार कठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी थोरियमवरच लिथियमचा मारा केला. लिथियमचा एक तुकडा थोरियमला चिकटला आणि उरलेला उडाला. जे नवं केंद्र झालं, ते नेमकं प्रोटॅक्टिनियमने न्यूट्रॉन गिळल्यावर होतं तेच! उडालेला तुकडा ओळखायचा, आणि त्याच्या जोडीचं केंद्र किती वेळा फुटलं ते मोजायचं. त्याच माऱ्यात कधी दुसरा तुकडा चिकटून युरेनियमचं एक केंद्र होतं. त्याचा आकडा आधीच पक्का ठाऊक होता. जुन्या मापाशी नवं माप ताडून उत्तर काढलं, ते २००८ साली प्रसिद्ध झालं.

हे चालतं कसं? हंड्यात पाणी विहिरीचं असो की टँकरचं, चूल पेटली की उकळतं सारखंच. केंद्रालाही आपण कुठल्या वाटेने झालो याची आठवण राहत नाही.

म्हणजे अगदीच राहत नाही असं नाही. ओतताना पाण्याला भोवरा पडतो ना, तशी केंद्रालाही गिरकी मिळते, आणि दोन वाटांची गिरकी वेगळी असते. मुंबईत मोजलं ते केंद्राचं फुटणं. तिथे न्यूट्रॉन वेगवान होते, त्यामुळे गिरकीचा त्रास कमी. ताऱ्यांसाठी मात्र न्यूट्रॉन गिळून न फुटता, गामा किरण सोडून शांत होणारी केंद्रं मोजायची असतात. तिथे ही गिरकी फार छळते. तिचा हिशेब न धरता काढलेला आकडा आम्हांला अंदाजे घातलेल्या मिठासारखा वाटतो.

म्हणून आधी परीक्षा घेतली. मॉलिब्डेनम-९५ हे टिकाऊ केंद्र आहे आणि त्याचं खरं उत्तर माहीत आहे. अमेरिकेत आडवाटेने तेच मोजून, गिरकीचा हिशेब धरून पाहिलं. २०१९ मध्ये छापलेलं ते उत्तर थेट मोजलेल्याशी जुळलं.

क्षणभर जगणाऱ्या केंद्रांसाठी आता खेळ उलटा करतात. त्यांनाच धावतं ठेवायचं आणि वाटेत जड हायड्रोजन धरायचा. त्याच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. धावणारं केंद्र न्यूट्रॉन घेऊन पुढे जातं, प्रोटॉन मागे सुटतो. तो प्रोटॉन आणि सोबतचे गामा किरण मोजायचे.