मला न दिसलेला महाल

धाकट्या बहिणीचा नवा फ्लॅट बघितला तेव्हा माझा चेहराच पडला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भिंतीला ओल आणि फर्निचरच्या नावानं जमिनीवर टाकलेली एक गादी. घर तिचं आणि तिच्या बॉयफ्रेंडचं. "ताई, सकाळी इथे काय सॉलिड ऊन येतं माहितीये?" ती म्हणाली. मी मान डोलावली. मला ओलच दिसत होती.

त्या आठवड्यात मी सी. एस. लुईसचं 'टिल वी हॅव फेसेस' वाचत होते. हो, तोच, नार्नियावाला. पण हे पुस्तक मोठ्यांसाठीचं, १९५६चं. त्याच वर्षी त्यानं जॉय डेव्हिडमनशी लग्न केलं आणि पुस्तकही तिलाच अर्पण केलं. कादंबरी घडते ग्लोम नावाच्या काल्पनिक राज्यात. तिथली प्रेमाची देवी उंगिट म्हणजे एक काळा, ओबडधोबड दगड. तिचा मुलगा डोंगरापलीकडच्या दरीत राहतो, आणि सगळा घोळ आहे तो त्याच्या महालाचा.

मूळ गोष्ट फार जुनी. दुसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या अॅप्युलियसनं ती लॅटिनमध्ये लिहिली. त्यातला क्युपिडचा महाल म्हणजे थेट इंटिरियरचं मॅगझिन! सोन्याचे खांब, हस्तिदंती छत, भिंतींवर चांदीत कोरलेले प्राणी, पायाखाली रत्नं. नोकर अदृश्य, नुसते आवाज. नवराही येतो तो अंधारातच, आणि त्याचा चेहरा बघायचा नाही ही अट. सायकीच्या बहिणी येतात, थाट बघून जळतात आणि तिच्या डोक्यात भरवतात, की तुझा नवरा भयंकर साप आहे, दिवा लावून बघ. टिपिकल.

लुईसनं मुख्य बदल केला तो असा, की बहिणीला महाल दिसतच नाही.

त्याची ऑरुअल ही कुरूप, थोरली, सावत्र बहीण. सायकीला तिनंच आईच्या मायेनं वाढवलेलं. सायकीला देवाला बळी देतात. ऑरुअल तिच्या अस्थी गोळा करायला जाते, तर नदीपलीकडे सायकी जिवंत! अंगावर चिंध्या, पण चेहऱ्यावर तेज. ती हिला उंची वाइन पाजते. ऑरुअलला दिसतं, ओंजळीतलं नदीचं पाणी. महाल कुठाय विचारलं तर सायकी गोंधळते. कारण तिच्या मते दोघी महालाच्या पायऱ्यांवरच असतात. मग पाऊस येतो. ऑरुअलच्या डोळ्यांसमोर सायकी चिंब भिजते, आणि सायकीला पाऊस माहीतच नाही. ती तर छताखाली आहे ना!

हा सीन वाचून मी पुस्तक मिटलं. ऑरुअल वाईट नाही हो, तीच तर अडचण आहे. आपलं माणूस भिजताना दिसतंय, मग गप्प बसायचं?

पण लुईस तिला इतक्या सहज सोडत नाही. त्या रात्री नदीवर पाणी पिताना ती मान वर करते आणि धुक्यात तिला महाल दिसतो. क्षणभरच. मग नुसतं धुकं. ही गोष्ट ती सायकीला सांगत नाही. पुढच्या भेटीत स्वतःच्या दंडात खंजीर खुपसते, जिवाची धमकी देते आणि दिवा लावायला भाग पाडते. देव जागा होतो. वादळात दरी उद्ध्वस्त होते, सायकी रडत परागंदा.

मी खंजीर वगैरे नाही वापरला. एवढंच म्हटलं, "लपवण्यासारखं काही नसेल तर एकदा त्याचा फोन बघायला काय हरकत आहे?" पुस्तक अर्धं वाचून झालेलं असताना! तिनं बघितला. काहीही नव्हतं. पण तो जागा झाला. पुढचं सांगत नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. दोन महिन्यांत फ्लॅट सोडला.

सामान हलवायला मी सकाळी सातला पोचले. ती खाली टेम्पोवाल्याशी भाव करत होती. वर खोलीत ऊन आलं होतं. गादीवर, खोक्यांवर, त्या ओल्या भिंतीवरसुद्धा. मी चप्पल न काढता तशीच उभी राहिले. ती वर आली तोवर ऊन सरकलं होतं.

तिला हे अजून सांगितलेलं नाही. हा अंक ती दर आठवड्याला घेते, तेव्हा आता कळेलच.