डॉक्टरांची फी, रुग्णाचे कागद आणि स्थगित झालेली नियमावली

मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावातून रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अकोल्यास किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते, तेव्हा कुटुंबाजवळ बहुधा दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे सोयाबीन विकून किंवा उसनवारीने जमवलेली रक्कम आणि दुसरी म्हणजे डॉक्टरांवरील विश्वास. खर्च किती येईल, हे विचारायला माणूस संकोचतो. डॉक्टरांना राग येईल, उपचारात कसूर होईल, ही भीती त्यामागे असते. वस्तुतः हा प्रश्न विचारण्याची पाळी रुग्णावर येऊच नये, अशी तरतूद वैद्यकीय व्यवसायाच्या नियमांतच आहे. आपल्यापैकी फार थोड्यांना ती ठाऊक आहे.

तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाची नियमावली केली. डॉक्टराने आपली फी सेवा देण्यापूर्वी सांगावी, शस्त्रक्रिया झाल्यावर किंवा उपचार सुरू असताना नव्हे, असे तीत म्हटले आहे. फी आणि इतर आकार दवाखान्यात फलकावर लावावेत, नोंदणी क्रमांकही दिसेल असा लावावा, हेही तीत आहे. दाखल रुग्णाचे कागदपत्र तीन वर्षे जतन करावेत आणि मागणी झाल्यास बहात्तर तासांत द्यावेत, असेही बंधन आहे. किती दवाखान्यांत असा फलक आपण पाहिला आहे, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

कागदपत्रांच्या बाबतीत तर महाराष्ट्राचे पाऊल पुढचे होते. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या १९९६ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्ण किंवा त्याचा जवळचा नातेवाईक केसपेपरच्या प्रती मागत असेल, तर गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णालयास त्या नाकारता येणार नाहीत. गोपनीयता रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. ती त्याच्याच विरुद्ध कशी वापरता येईल?

भारतीय वैद्यक परिषदेची जागा २५ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. या आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी आचरण नियमावली जारी केली. तपासणीची फी रुग्णास आधी कळवावी; शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या खर्चाचा वाजवी अंदाज द्यावा, जेणेकरून त्याला विचारपूर्वक निर्णय घेता येईल, असे तीत होते. त्याचबरोबर ठरलेली फी न दिल्यास पुढील उपचार नाकारण्याची मुभा डॉक्टरांना होती. मात्र सरकारी सेवा व तातडीचे प्रसंग त्यातून वगळले होते. कागदपत्रे देण्याची मुदत बहात्तर तासांवरून पाच कामकाजाच्या दिवसांवर नेली होती. म्हणजे पारदर्शकतेच्या नावाने आलेली प्रत्येक तरतूद रुग्णाच्या बाजूचीच होती, असे मानण्याचे कारण नाही.

वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर. औषधे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ नावाने लिहावीत, अन्यथा कारवाई, या कलमास इंडियन मेडिकल असोसिएशनने तीव्र विरोध केला. मूळ नावाच्या औषधांच्या दर्जाची खात्री कोण देणार, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी, अवघ्या तीन आठवड्यांत, संपूर्ण नियमावली स्थगित झाली आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. औषधांच्या वादात खर्चाच्या अंदाजाची तरतूदही वाहून गेली, तिच्याविषयी फारसे कोणी बोललेही नाही, याची आम्हांस खंत वाटते.

रुग्णालयांसाठी मात्र राज्य शासनाचे स्वतंत्र नियम आहेत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या जानेवारीत सुधारणा झाली. तीनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. दर किती असावेत, हे शासनाने ठरवलेले नाही; ते दाखवावेत एवढेच म्हटले आहे. आपल्या धर्मभगिनी व धर्मसंघ चालवीत असलेली नोंदणीकृत रुग्णालयेही या नियमांतून सुटलेली नाहीत. सेवाभाव हा दरफलकाला पर्याय होऊ शकत नाही.

तक्रार कोठे करावी, याबाबत गावाकडे मोठा गोंधळ असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे एम.बी.बी.एस. व त्यापुढील आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर नोंदलेले असतात. खेड्यातील पुष्कळ डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात; त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. म्हणून आधी चिठ्ठीवरील पदवी व नोंदणी क्रमांक पाहावा.

यात एक मोठी उणीव आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३० नुसार राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध आयोगाच्या मंडळाकडे अपील करण्याचा अधिकार डॉक्टरला दिलेला आहे. त्या कलमात रुग्णाचा उल्लेख नाही. नियमावलीची फेररचना होईल तेव्हा या कलमाचाही विचार व्हावा, असे आमचे मत आहे.

तोवर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. सोबत बिलाची पावती आणि केसपेपरच्या प्रती हाताशी असाव्यात. म्हणून रुग्णालयातून घरी निघतानाच त्या लेखी अर्ज करून मागाव्यात व अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.