काल्पनिक देशाचे बारसे

मुलाचे नाव ठेवायला आत्याबाई लागते. देशाचे नाव ठेवायला कोण लागते, हा प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वसतिगृहातील चौघांपुढे पडला.

झाले असे की, आम्हांला युद्धखेळाचा नाद लागला. हा खेळ म्हणजे बुद्धिबळाचाच भाऊबंद. नकाशावर पलटणी मांडायच्या, फासे टाकायचे आणि पंचाने निकाल द्यायचा. प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली याचे नियम प्रसिद्ध केले आणि पुढे सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्या खेळाला जागा मिळाली. आमच्या पलटणी म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या, आणि रणभूमी म्हणजे जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ.

खरा देश घेतला तर इतिहासाचे विद्यार्थी हुज्जत घालतात. म्हणून देश खोटाच हवा होता. तो जर्मन ठरला, याला कारण होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मुलखात तीनशेच्या आसपास लहानमोठी संस्थाने होती. एवढ्या गर्दीत आपले एक जास्तीचे संस्थान घुसवले तर कोणाच्या लक्षात येणार? देशाचे नाव ठेवले हिर्शेनाउ. ‘हिर्श’ म्हणजे हरीण, आणि ‘आउ’ म्हणजे नदीकाठचे कुरण.

आता गावांची नावे. जर्मन नावे ऐकायला भारदस्त वाटतात. फोडून पाहिली की आपल्या कुर्डुवाडी-अक्कलकोटाइतकीच साधी निघतात. ‘डोर्फ’ म्हणजे गाव. ड्युसल नावाच्या लहानशा नदीकाठचे गाव ते ड्युसलडोर्फ. ‘फुर्ट’ म्हणजे नदीचा उतार. फ्रँक लोकांचा उतार तो फ्रँकफुर्ट. ‘ब्रुक’ म्हणजे पूल. इन् नदीवरचा पूल ते इन्सब्रुक. ‘बाख’ म्हणजे ओढा, ‘स्टाइन’ म्हणजे दगड, ‘वाल्ड’ म्हणजे रान. आपल्याकडे माढा तालुक्यात उपळाई बुद्रुक आणि उपळाई खुर्द आहेत. फारसीतून आलेल्या या शब्दांचा अर्थ थोरले आणि धाकटे. जर्मन माणूस त्याच कामासाठी ‘ग्रोस’ आणि ‘क्लाइन’ वापरतो, फक्त गावाच्या नावाआधी लावतो.

एवढी सामग्री हाती आल्यावर आम्ही एका रात्रीत चाळीस गावे वसवली. स्टाइनबाख, ओबरवाल्ड, उंटरवाल्ड, ग्रोसडोर्फ, क्लाइनडोर्फ! आणि तिथेच फसलो. ‘बुर्ग’ म्हणजे किल्ला आणि ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर. मराठीत आपण दोन्ही सरसकट ‘बर्ग’ लिहितो. त्या घोटाळ्यात दोन नद्यांच्या ऐन संगमावर, सपाट गाळाच्या जमिनीत, आम्ही एक भलाथोरला ‘बेर्ग’ उभा केला. ते खोडले, तरी नकाशा खोटाच दिसत होता. का, ते कळेना.

दोष शोधायला मी ग्रंथालयातला जर्मनीचा नकाशा घेऊन बसलो. तेव्हा ध्यानात आले की खऱ्या जर्मनीतली कितीतरी नावे मुळात जर्मनच नाहीत. कोलोन हे नाव लॅटिन ‘कोलोनिआ’वरून, म्हणजे वसाहतीवरून आलेले, रोमन लोक गेले, नाव राहिले. पूर्वेकडे स्लाव लोकांनी ठेवलेली नावे आहेत. तिथल्या केम्निट्झचा मूळ अर्थ दगडांचा ओढा. म्हणजे आमचे स्टाइनबाखच, पण आधीच्या रहिवाशांच्या भाषेत. आणि ऱ्हाइन व मोझेल या नद्या मिळतात तिथे कोब्लेन्झ आहे. संगम या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते झिजलेले रूप.

रात्री हे मी मोठ्या ऐटीत खोलीत सांगितले. आमचा चौथा गडी दक्षिण सोलापूर तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा. त्याच्या मराठी उच्चारांवरून आम्ही दोन वर्षे त्याची थट्टा करीत आलो होतो. क्वचित ‘तुमच्या मुलखात’ असेही म्हणत होतो. तो शांतपणे म्हणाला, “मग त्यात नवल काय रे? आमचं कुडल तेच की.”

हत्तरसंग कुडल! भीमा आणि सीना यांचा संगम. तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या तासाला मी त्याची नोंद अभिमानाने वहीत उतरवून घेतली होती. पण ‘कुडल’ म्हणजे काय, हे विचारायचे मला सुचले नव्हते. कन्नडमध्ये ‘कूडु’ म्हणजे एकत्र येणे, आणि ‘कूडल’ म्हणजे संगम. ज्या जुन्या मराठी अक्षरांचा मला अभिमान, ती ज्या गावात कोरलेली आहेत त्याचे नावच मुळी माझ्या मित्राच्या भाषेतले. मग ‘तुमचा मुलूख’ कोणता आणि ‘आमचा’ कोणता? त्या रात्री मी त्याला काही बोललो नाही. थट्टा मात्र बंद झाली.

तात्पर्य, कोणाला काल्पनिक मुलूख वसवायचा असेल, मग तो खेळासाठी असो वा एकांकिकेसाठी, तर माझा अनुभव असा सांगतो. आधी नद्या, उतार, टेकड्या काढा. नावे मागाहून ठेवा. गावाला नाव देणारा माणूस समोर दिसते तेच सांगतो. मग ठरवा की आपल्याआधी इथे कोण राहत होते, आणि दहातले दोन-तीन शब्द त्यांचे राहू द्या. शेवटी ते शब्द थोडे झिजवा, कारण हजार वर्षे हजार तोंडांतून गेलेले नाव कोरे करकरीत राहत नाही. सगळी नावे एकाच भाषेत, लख्ख अर्थाची असलेला देश फक्त कागदावर असतो.

आमच्या संगमावरच्या गावाचे बारसे पुन्हा झाले. हिर्शेनाउच्या नकाशात, सगळ्या डोर्फ-बाखांच्या मधोमध, आता ‘कुडेल्न’ नावाचे शहर आहे. जर्मनांना ते जर्मन वाटेल. ते नाव कोणी ठेवले, हे आम्हां चौघांना ठाऊक आहे. आणि हो, गेल्या लढाईत ते शहर माझ्या फौजेला शेवटपर्यंत घेता आले नाही. त्याचा किल्लेदार अर्थातच तो होता.