हरणाला आणि निशाणेबाजीला एकच रायफल: काडतूस कोणतं?

माझं संशोधन शिसं आणि गरुडांवर, त्यामुळे लॅबमधला अमेरिकन मित्र मला रायफलीबद्दल विचारेल असं वाटलं नव्हतं. पण विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आसपास नऊ दिवसांचा हरणांचा हंगाम असतो आणि अर्धी लॅब रिकामी होते. (आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर हा विषयच संपला, म्हणून मलाही सगळं शून्यापासून शिकावं लागलं.)

आधी नावांचा घोळ. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा किंवा गोळीचा व्यास. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ दोन्हींची गोळी ७.८ मिलिमीटरचीच, फरक काडतुसाच्या केसच्या लांबीत, ५१ आणि ६३ मिलिमीटर. जास्त दारू, जास्त वेग, आणि खांद्याला जास्त धक्का.

हा धक्काच खरा मुद्दा आहे. गोळी आणि दारूचा वायू पुढे जितका संवेग नेतात, तितकाच रायफल मागे आणते. पण धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाने वाढते. संवेग दीडपट झाला, तर धक्का सव्वादोनपट! मित्राने गेल्या वर्षी उधारीची मॅग्नम नेली होती. सरावाला दहा गोळ्यांतच खांदा सुजला, मग घोडा दाबताना डोळे मिटायला लागले. हरणाला गोळी लागली, पण पोटात. रात्री उशिरापर्यंत रक्ताचा माग काढला, सापडलं नाही. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

हरणाच्या छातीतला नेमका भाग साधारण वीस सेंटिमीटरचा, जेवणाच्या कागदी थाळीएवढा. तिथे दरवेळी गोळी लागणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी सराव सोसवला पाहिजे. म्हणून .२४३, ६.५ क्रीडमूर आणि .३०८ हे तीनच पर्याय उरतात. .२४३चा धक्का सगळ्यात कमी, पण नळी लवकर झिजते; निशाणेबाजीला तोट्याचं. क्रीडमूर २००७ची. तिची लांब, सडपातळ गोळी वाऱ्याने कमी ढळते, तीनशे मीटरपुढे हा फरक कळतो. दाट रानात तेवढं लांब दिसतही नाही, पण रेंजवर मजा येते. .३०८ला धक्का जरा जास्त, पण नळी टिकते.

आता माझा विषय. शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटते, बारीक कण आतड्यांत राहतात. शिकारी ती रानात टाकतात आणि गरुड खातात. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते, जवळपास निम्म्यांमध्ये दीर्घकाळ शिसं साचल्याच्या खुणा होत्या. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं गेली, त्याची आठवण होतेच. तांब्याची गोळी सहसा अशी फुटत नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि नीट फुलायला तिला वेग लागतो. म्हणून थोडी हलकी गोळी घ्यायची आणि अंतर मर्यादेत ठेवायचं. सरावाच्या गोळ्या मात्र हरणावर चालवू नका, त्या कागदासाठी बनवलेल्या असतात. गोळी बदलली की दुर्बीण पुन्हा जुळवायची.

मी मित्राला क्रीडमूर सुचवली. त्याने .३०८ घेतली, कारण काकांकडे त्याची काडतुसं पडून होती. तांब्याची दोन खोकी मात्र स्वतः विकत आणली.